प्रकाशाची वैद्यकी

२०२० आणि २०२१ या साथीच्या दोन वर्षांत अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या आपल्या अनेक घरांत एक नवी वस्तू येऊन बसली. प्रभूच्या तसबिरीखालच्या फळीवर, जपमाळेच्या आणि थर्मामीटरच्या शेजारी, कपड्याच्या चिमट्याएवढे ते यंत्र ठेवलेले असे. घरातल्या आजीच्या बोटाला ते लावायचे, आतला तांबडा दिवा पेटायचा आणि सारे घर त्या आकड्याकडे डोळे लावून बसायचे. आकडा पंच्याण्णवच्या वर दिसला की सर्वांचा जीव भांड्यात पडे. नव्वदच्या खाली घसरला की रुग्णालयात खाट मिळवण्यासाठी धावाधाव सुरू होई. ती साथ ओसरली आणि यंत्रे खणात गेली. परंतु त्या तांबड्या दिव्याने नेमके काय केले, हे विचारण्याची सवड त्या दिवसांत कोणालाच नव्हती. सुई न टोचता, रक्ताचा थेंब न काढता त्याने जिवंत देहाच्या आत डोकावून पाहिले होते. प्रकाशाने रोग ओळखणे आणि प्रकाशानेच तो बरा करणे, ही माणसाची फार जुनी धडपड आहे. तिचा इतिहास आपल्या कुटुंबांना अनेक ठिकाणी येऊन भिडतो. तो येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे.

उजेडात माणसाची त्वचा पाहून रोग ठरवण्याचे काम एके काळी वैद्याकडे नव्हते, याजकाकडे होते. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाचा तेरावा अध्याय वाचावा. अंगावर पांढरा डाग उठलेला मनुष्य याजकापुढे आणला जाई. डाग त्वचेपेक्षा खोल दिसतो काय, त्यावरचे केस पांढरे झाले काय, हे याजकाने पाहायचे. शंका असल्यास सात दिवस त्याला वेगळे ठेवून पुन्हा पाहायचे आणि मग शुद्ध की अशुद्ध याचा निवाडा द्यायचा. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तेवढाच रोग त्या ग्रंथात अभिप्रेत नाही, त्वचेच्या अनेक विकारांना तेथे एकच नाव आहे, असे बायबलचे अभ्यासक सांगतात. निवाडा नुसत्या डोळ्यांनी होत असे. साहजिकच निरुपद्रवी डाग अंगावर वागवणारेही वस्तीबाहेर गेले असतील. ही गोष्ट केवळ इस्राएल लोकांची आहे असे समजण्याचे कारण नाही. अंगावर कोड असलेल्या मुलीचे लग्न मोडल्याचे, ते झाकण्यासाठी तिने जन्मभर लांब बाह्या वापरल्याचे दुःख आम्हां धर्मगुरूंच्या कानांवर आजही येते. कोड संसर्गजन्य नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही, हे कितीदा सांगितले तरी कमीच पडते.

ह्याच कोडावर आपल्या देशातील वैद्यांनी प्रकाशाचा एक उपाय शोधला होता. आयुर्वेदात कोडाला श्वित्र म्हणतात. त्यावर बावचीच्या बिया वापराव्यात आणि रुग्णाला उन्हात बसवावे, असा प्रघात होता. नाईल नदीच्या खोऱ्यातही तशाच गुणांच्या एका रानवनस्पतीचा आणि उन्हाचा उपयोग याच रोगावर होत असे. विसाव्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील शास्त्रज्ञांनी त्या वनस्पतीतील गुणकारी द्रव्ये वेगळी काढली. बावचीतही त्याच कुळातील सोरालेन नावाचे द्रव्य आहे. एकटे औषध फारसे काही करत नाही. अतिनील किरण पडले म्हणजे ते त्वचेत कामाला लागते. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी सोरालेन आणि अतिनील किरणांचे दिवे यांची जोड देऊन सोरायसिसवर उपचार केले आणि जुन्या ज्ञानाला नव्या मापाची शिस्त आली. ही शिस्त महत्त्वाची आहे. मनाने बावची लावून उन्हात बसणाऱ्याची त्वचा भाजून फोड येतात. औषध किती आणि ऊन किती, हे जाणत्यानेच ठरवायचे असते.

रोग ओळखण्याच्या कामीही अतिनील किरण उपयोगी पडले. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांनी १९०३ मध्ये दिसणारा प्रकाश अडवून अतिनील किरण तेवढे पार जाऊ देणारी काच तयार केली. १९२५ पासून त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत तिचा उपयोग करू लागले. त्या दिव्याखाली कोडाचा डाग निळसर पांढरा उजळतो; डोक्यातील काही प्रकारची बुरशी हिरवट चमकते. लेवीय ग्रंथातल्या याजकाच्या हाती असा दिवा असता तर कित्येकांचा वनवास टळला असता.

आधुनिक प्रकाशवैद्यकाचा जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते नील्स फिन्सेन स्वतःच रुग्ण होते. १८६० मध्ये फॅरो बेटांवर त्यांचा जन्म झाला. उत्तरेकडच्या त्या मुलखात सूर्य दुर्मिळ. पुढे कोपनहेगन येथे वैद्यक शिकताना त्यांची प्रकृती ढासळू लागली. उत्तरेला तोंड करून असलेल्या खोलीत आपण अधिकच थकतो आणि उन्हात बसले की हुशारी येते, असे त्यांच्या लक्षात आले. या अनुभवातून त्यांनी प्रकाशाच्या परिणामांचा अभ्यास आरंभला. त्या काळी त्वचेचा क्षयरोग युरोपात अनेकांचे चेहरे कुरतडून टाकत असे. असे लोक नाक-गाल फडक्याने झाकून वावरत आणि समाज त्यांना टाळत असे. फिन्सेन यांनी कार्बनच्या प्रखर दिव्याचा प्रकाश स्फटिकाच्या भिंगांतून एकवटला, त्यातील उष्णता पाण्याने शोषून घेतली आणि तो झोत रोगट त्वचेवर रोज बराच वेळ धरला. १८९५ मध्ये पहिल्या रुग्णाला गुण आला. १८९६ मध्ये कोपनहेगनला त्यांची प्रकाशोपचार संस्था उभी राहिली आणि १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या यशामागचे कारण मात्र फिन्सेन यांना पुरते उमगले नव्हते. अतिनील किरण जंतूंना थेट मारतात, असा त्यांचा समज होता. शंभर वर्षांनी, २००५ मध्ये, डेन्मार्कच्याच संशोधकांनी त्यांची जुनी भिंगे तपासली, तेव्हा जंतू मारणारे तीव्र अतिनील किरण त्या भिंगांतून पार जातच नव्हते असे आढळले. क्षयाच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. ती प्रकाश शोषतात, त्यांच्या योगाने प्राणवायूचे एक उग्र रूप तयार होते आणि ते जंतूचा नाश करते, असा उलगडा त्यांनी मांडला. उपचार आधी आला, त्याचे ज्ञान मागाहून आले. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढे क्षयावरची औषधे आल्यावर फिन्सेनचे दिवे विझले. पण प्रकाश हे औषध होऊ शकते, ही गोष्ट वैद्यकाने कायमची स्वीकारली.

आता आपल्या अधिक ओळखीच्या उपचाराकडे वळू. बाळंतपणाच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात डोळ्यांवर पट्टी बांधलेले, उघडेनागडे तान्हे मूल निळ्या दिव्यांखाली ठेवलेले दिसते. हा उपचार इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड येथील रुग्णालयात जन्मला. तेथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर वॉर्ड यांच्याकडे होता. रुग्णालयातील मुख्य परिचारिकेला सिस्टर म्हणण्याची ती इंग्रजी रीत. धर्मभगिनींनी शतकानुशतके केलेल्या रुग्णसेवेची खूण त्या शब्दात उरली आहे. कोंदट कक्षापेक्षा मोकळी हवा बरी, अशा श्रद्धेने ही बाई उन्हाच्या दिवशी बाळांना अंगणात नेत असे. १९५६ मध्ये एके दिवशी तिने डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याचे अंग फिके झाले होते, पण एक त्रिकोणी तुकडा मात्र पिवळाधमक होता. चादरीचे टोक जेथे आले होते तेथे कावीळ राहिली होती; जेथे ऊन लागले तेथली उतरली होती. पुढे काविळीच्या रक्ताची एक नळी चुकून उन्हात राहिली आणि तिच्यातील पिवळे द्रव्यही कमी भरले. डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन खुणा एकत्र जोडल्या, निळ्या दिव्यांचा पाळणा तयार केला आणि १९५८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

कावीळ झालेल्या तान्ह्याच्या रक्तात बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य साठते. ते अति वाढले तर मेंदूत शिरून मुलाला बहिरे किंवा जन्माचे पंगू करू शकते. प्रसंगी प्राणही घेते. निळा प्रकाश त्वचेतल्या या द्रव्याच्या कणांची घडण बदलतो. मग ते पाण्यात विरघळण्याजोगे होऊन पित्तावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडते. पूर्वी अशा मुलाचे सारे रक्त बदलावे लागे; आता बहुतेकांना एक-दोन दिवसांचा दिवा पुरतो. आपल्याकडे काविळीवर माळ घालण्याची आणि ती उतरवून घेण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. बाळाला खिडकीतल्या कोवळ्या उन्हात धरले की झाले, असेही घरची मंडळी मानतात. कावीळ किती आहे हे डॉक्टरांनी मोजल्यावाचून अशा उपायांवर विसंबणे म्हणजे मुलाच्या बुद्धीशी आणि श्रवणशक्तीशी जुगार खेळणे होय, हे आम्ही आपल्या मातांना आग्रहाने सांगू इच्छितो.

प्रकाशाचा तिसरा अवतार लेसरचा. आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये त्याचे तत्त्व मांडले आणि १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. या कहाणीत महाराष्ट्राचा एक ठळक दुवा आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये पुणे जिल्ह्यातील बारामती येथे झाला. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९५८ मध्ये पदवीधर झाले, स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर जगापुढे आणला. आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडणाऱ्या या सामान्य वायूपासून इतका बलवान किरण निघेल अशी कल्पना तोवर फारशी कोणी केली नव्हती.

हा किरण अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही. पाणी तो झपाट्याने शोषून घेते, आणि आपल्या देहातील मऊ मांसाचा बहुतांश भाग पाणीच असतो. त्यामुळे किरण जेथे पडतो तेथील पेशींतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, पातळसा थर उडून जातो आणि लहान रक्तवाहिन्यांची तोंडे तेथल्या तेथे बंद होतात. रक्त न सांडता कापणारा सुरा शल्यविशारदाच्या हाती आला. १९७२ च्या सुमारास बॉस्टन येथील डॉ. स्ट्राँग आणि डॉ. जॅको यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहत स्वरयंत्रावर याच लेसरने शस्त्रक्रिया केल्या. घशात सुरी चालवणे जेथे जिकिरीचे, तेथे हा अदृश्य किरण पोहोचला. १९९६ मध्ये पटेल यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले.

डोळ्यांच्या बाबतीत तर लेसरने अनेकांचे संसार सावरले. मधुमेह जुना झाला की डोळ्याच्या पडद्यावर नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या वाढतात आणि दृष्टी जाते. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९७६ मध्ये आले. त्यांत अशा पडद्यावर प्रकाशाचे बारीक डाग दिल्यास गंभीर अंधत्वाचा धोका पुष्कळ कमी होतो, असे सिद्ध झाले. पण गेलेली दृष्टी लेसर परत आणत नाही, असलेली राखतो. मधुमेह्याने नीट दिसत असतानाच वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घेतला पाहिजे. १३ डिसेंबरला आपण डोळ्यांची पाठराखीण संत लुसी हिचा सण पाळतो. त्या दिवशी तिच्याकडे मध्यस्थी मागणाऱ्या प्रत्येक मधुमेह्याने नेत्रतज्ज्ञाची भेटही ठरवून टाकावी.

रोग शोधण्याच्या बाबतीत भारताचे सर्वांत मोठे देणे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना कलकत्त्यात आढळले की, पदार्थावर पडून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडासा अंश आपला रंग बदलून परततो आणि त्या बदलावर पदार्थातील रेणूंच्या कंपनांचा ठसा असतो. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की बरोबर तेरा वर्षांनी त्याच तारखेस, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. या दोन घटनांची गाठ पुढे खारघरला पडली. टाटा स्मारक केंद्राच्या तेथील कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. मुरली कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रामन यांचे तत्त्व तोंडाच्या कर्करोगाकडे वळवले. बारीक नळीतून गालाच्या आतल्या अस्तरावर प्रकाश टाकायचा, परतलेल्या प्रकाशाची छाननी करायची आणि निरोगी, कर्करोगाच्या वाटेवर असलेला व कर्करोगाने ग्रासलेला भाग ओळखता येतो काय हे पाहायचे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रत्यक्ष रुग्णांच्या तोंडात, मांसाचा तुकडा न काढता, असा फरक करता येणे शक्य असल्याचे दिसले. ही पद्धत अजून संशोधनाच्या कक्षेत आहे. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हाच आजही निदानाचा आधार आहे. आपल्या शेजारी, पवईच्या आयआयटीतही प्रा. रोहित श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश टाकून गाठीतील पेशी उष्णतेने मारण्याचे प्रयोग झाले आहेत.

आता पुन्हा बोटावरच्या त्या चिमट्याकडे येऊ. त्याचे तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये मांडले. चिमट्यातून दोन किरण जातात, एक तांबडा आणि एक अवरक्त. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते, रिकामे रक्त अधिक. नाडीच्या ठोक्यासरशी शोषणात जो चढउतार होतो तेवढाच हिशेबात धरला की रोहिणीतील रक्ताचा प्राणवायू कळतो. धाप लागलेली नसतानाही प्राणवायू घसरलेला असू शकतो, हे करोनाच्या काळात याच यंत्राने दाखवले आणि अनेकांना वेळीच रुग्णालयात धाडले. आओयागी यांचे निधन १८ एप्रिल २०२० रोजी झाले. त्या वेळी त्यांचे यंत्र जगभर घरोघरी पोहोचत होते.

परंतु डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट प्रसिद्ध केली. गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये घसरलेला प्राणवायू या यंत्राच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण जवळजवळ तिप्पट होते. त्वचेतील रंगद्रव्यही प्रकाश शोषते आणि यंत्रे मुख्यतः उजळ त्वचेवर पारखलेली होती. सावळ्या माणसांच्या या देशात हा प्रश्न आपला आहे. प्रकाश सर्वांवर सारखा पडतो खरा, पण त्याचे माप घेणारा मनुष्य कोणाला समोर ठेवून यंत्र बनवतो, यावर न्याय-अन्याय ठरतो. म्हणून आकडा ठीक असला तरी माणूस गळालेला दिसत असेल, तर माणसावर विश्वास ठेवावा.

अंधेरीत सीप्झच्या आवारात बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचे पडके चर्च आहे. १५७९ मध्ये येशूसंघीयांच्या काळात ते उभे राहिले आणि १८४० मध्ये साथ आली तेव्हा तेथील श्रद्धावंत ते सोडून मरोळला गेले. आपल्याला कोण मारते आहे हे त्या पूर्वजांना ठाऊक नव्हते. पळून जाणे एवढाच उपाय त्यांच्या हाती होता. आज त्या भिंतींभोवती इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने आहेत. शुभवर्तमानात योहानाला प्रकाशाचा साक्षीदार म्हटले आहे. तो स्वतः प्रकाश असल्याचा दावा करत नाही. सिस्टर वॉर्ड, फिन्सेन, पटेल, रामन ही माणसे निरनिराळ्या देशांची आणि धर्मांची. पण आपापल्या परीने त्यांनीही अशीच साक्ष दिली. जे दिसले ते त्यांनी नीट पाहिले आणि लपवले नाही.

लपवणे हाच आमच्या मते आज खरा अडसर आहे. आपल्या देशातील पुरुषांत तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तंबाखूची पुडी खिशातून गेलेली नाही आणि काही आजीबाईंची मिशेरीही सुटलेली नाही. गालात पांढरा चट्टा येतो, तोंड पुरते उघडेनासे होते, व्रण दोन-तीन आठवडे भरत नाही. आणि घरचे काय म्हणतील या भीतीने तो मनुष्य गप्प बसतो. लाज वाटते म्हणून कोड झाकले जाते, खर्चाच्या धास्तीने मधुमेह्याचा डोळा तपासायचा राहतो. जगातला कोणताही किरण बंद तोंडात शिरू शकत नाही.

यावर एक साधी गोष्ट प्रत्येक धर्मग्रामाला करता येईल. आपल्यात दंतवैद्य आहेत, परिचारिका आहेत, धर्मभगिनींची रुग्णालये आहेत. वर्षातून एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर सभागृहात एक टेबल, एक विजेरी आणि एक आरसा घेऊन त्यांपैकी कोणी बसावे आणि प्रत्येकाने पुढे येऊन तोंड उघडावे. पहिल्या रांगेत धर्मगुरूने उभे राहावे, म्हणजे मागच्यांचा संकोच जाईल. लेवीय ग्रंथातल्या याजकाने डाग पाहून माणसाला वस्तीबाहेर धाडले. आजच्या धर्मग्रामाने डाग पाहून त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे न्यावे.